आजीने नात ओळखली नाही

मावसभावाच्या लग्नाहून परतल्यावर अकरावीतल्या मुलीने आपले एक छायाचित्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकले. नऊवारी, नथ, केसांत अबोलीचा गजरा. काही मिनिटांतच मामा, मावश्या, आत्या, परगावचे काका अशा सर्वांच्या कौतुकाचा वर्षाव सुरू झाला. आईने उत्साहाने तोच फोटो आजीसमोर धरला. आजींनी चष्मा सारखा केला, फोटो नीट निरखला आणि विचारले, “छान आहे हो पोर. कोणाची ग ही?”

घरात हशा पिकला. मुलगी मात्र हसली नाही. “आजी, मीच आहे ती,” ती म्हणाली. आणि खोलीकडे जाता जाता पुटपुटली, “म्हणजे, मी अशी असायला हवी होते.”

डोंबिवलीतल्या एका मध्यमवर्गीय घरातला हा प्रसंग. आई शाळेत विज्ञान शिकवते, वडील बँकेत आहेत, आजी रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावतात. घर नीटनेटके, संस्कारी म्हणावे असे. तरीही ते शेवटचे वाक्य आईच्या मनात काट्यासारखे रुतून बसले. तिने फोटो पुन्हा पाहिला. नाक बारीक केलेले होते, गाल आत गेले होते, हनुवटी निमुळती झाली होती आणि गव्हाळ वर्ण दोन छटांनी उजळला होता. आजीची नजर अधू झालेली नव्हती. उलट, त्या घरात नीट पाहिले ते केवळ आजीनेच. बाकीच्यांनी कौतुक केले ते एका अस्तित्वात नसलेल्या मुलीचे.

दोन दिवसांनी दप्तराच्या कप्प्यात आईला न उघडलेला डबा सापडला. चौकशी केल्यावर कळले की तीन आठवडे डबा मैत्रिणींत वाटला जात होता किंवा तसाच परत येत होता. येथून त्या आईचे चिंतन सुरू झाले. ते केवळ एका घरापुरते नाही, म्हणूनच त्याचा विचार सर्वांनी करायला हवा.

पडद्याने बदललेली नजर

पहिला विचार मनात येतो तो असा, की मुली नटतात, मुरडतात, वय आहे, निघून जाईल. परंतु पडद्यावरची चित्रे माणसाची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी किती लवकर बदलू शकतात, याचे एक बोलके उदाहरण प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर घडले आहे. तेथील मूळ रहिवाशांत भरलेल्या अंगाला मान होता. कोणी वाळलेले दिसले, तर घरच्यांना काळजी वाटे. १९९५ मध्ये तेथील नाद्रोगा भागात दूरचित्रवाणी पोहोचली. अमेरिकेतील संशोधक ॲन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत आढळली नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के झाले होते. पाहणी लहान होती, परंतु २००२ मध्ये ती प्रसिद्ध झाल्यावर जगभरच्या वैद्यकीय वर्तुळात तिची दखल घेतली गेली. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली सौंदर्याची कल्पना डळमळीत व्हायला तीन वर्षे पुरली.

तो दूरचित्रवाणी संच होता. दिवाणखान्यात ठेवलेला, सगळ्यांनी मिळून पाहायचा, ठरावीक वेळी बंद होणारा. त्यातल्या नट्या दूरच्या होत्या, परक्या होत्या. आजचा पडदा उशाखाली असतो. त्यावर दिसणारी मुलगी परकी नसते. ती शेजारच्या वर्गातली असते, क्लासमधली असते, मावसबहीण असते. नटीशी तुलना करताना ‘ती वेगळ्याच जगातली’ असे म्हणून मनाची समजूत घालता येत होती. मैत्रिणीच्या दुरुस्त केलेल्या छायाचित्राशी तुलना करताना तो आधारही उरत नाही.

हा पडदा या घरात आला कसा, हेही आईने आठवून पाहिले. २०२०च्या टाळेबंदीत शाळाच मोबाइलवर आली. पाचवी-सहावीतल्या मुलीच्या हाती फोन द्यावाच लागला. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस भारताने टिकटॉकवर बंदी घातली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ आणले. एक दार बंद झाले आणि लगेच दुसरे उघडले. टाळेबंदी उठली, शाळा पुन्हा वर्गात भरू लागली, फोन मात्र परत गेला नाही.

या माध्यमांचा परिणाम त्यांच्या चालकांना ठाऊक नव्हता, असेही म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या वृत्तपत्राने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे उजेडात आणली. फ्रान्सिस हॉगेन या कंपनीतील माजी अधिकारी महिलेने ती बाहेर आणली होती आणि पुढच्याच महिन्यात तिने अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर साक्षही दिली. त्या कागदपत्रांत कंपनीच्याच संशोधकांनी नोंदवले होते, की आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटू लागले, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले. कंपनीने यावर खुलासा केला. पाहणीतल्या बारापैकी अकरा विषयांत, त्रासात असलेल्या मुलींना या माध्यमाचा जाच होण्याऐवजी आधारच वाटला, असे तिचे म्हणणे होते. ते क्षणभर मान्य केले, तरी अपवाद ठरलेला तो बारावा विषय कोणता? शरीराची प्रतिमा. खुलाशानेच दुखणे नेमके दाखवून दिले.

नाक मोठे नव्हते, अंतर कमी होते

विज्ञान शिकवणाऱ्या त्या आईला एका गोष्टीने मात्र थोडा दिलासा दिला. मुलीची मुख्य तक्रार नाकाविषयी होती. “फोटोत बघ ना, किती फताडं दिसतं!” हे गाऱ्हाणे तिने अनेकदा ऐकले होते. आता त्यामागचे साधे भौतिकशास्त्र तिच्या लक्षात आले. हात लांब करून स्वतःचा फोटो काढताना चेहऱ्यापासून कॅमेरा जेमतेम एक फुटावर असतो. कान आणि गाल यांच्यापेक्षा नाक कॅमेऱ्याच्या पुष्कळच जवळ येते, म्हणून ते प्रमाणाबाहेर मोठे दिसते. अमेरिकेतील शल्यविशारदांनी २०१८ मध्ये हे गणिताने मांडून दाखवले. बारा इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद भासते, पाच फुटांवरून काढले तर हा दोष जवळजवळ राहत नाही.

म्हणजे मुलगी ज्या नाकाचा तिरस्कार करत होती, ते तिचे नाकच नव्हते. आधी कॅमेऱ्याने तिला खोटे नाक दाखवले, मग फिल्टरने त्यावर दुसऱ्या खोट्या नाकाचा उपाय सुचवला. या दोन खोट्यांच्या मध्ये तिचा खरा चेहरा कोठेच उरला नाही. लोक आता स्वतःचीच फिल्टर लावलेली छायाचित्रे घेऊन प्लास्टिक सर्जनकडे जाऊ लागले आहेत आणि ‘मला असे करून द्या’ अशी मागणी करत आहेत, याकडेही २०१८ मध्येच वैद्यकीय नियतकालिकांतून लक्ष वेधले गेले होते. पूर्वी माणूस नटनट्यांसारखे दिसू इच्छित असे. आता त्याला स्वतःच्याच काल्पनिक प्रतिमेसारखे दिसायचे आहे. या दुसऱ्या हव्यासाला अंत नाही.

खरेपणाचाही बाजार

यावर उपाय म्हणून हल्ली ‘स्वतःवर प्रेम करा’, ‘आहात तसे राहा’ अशी वचने सर्वत्र ऐकू येतात. ती गोड आहेत. पण ती देणारे कोण, हेही पाहिले पाहिजे.

‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचे मलम भारतात १९७५ मध्ये आले. सावळी मुलगी उदास, उजळताच तिला नोकरी आणि नवरा दोन्ही मिळाले, अशा जाहिराती पाहत देशातल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. ज्या युनिलिव्हर समूहाचे हे मलम, त्याच समूहाच्या ‘डव्ह’ साबणाने २००४ मध्ये पाश्चात्त्य देशांत ‘खऱ्या सौंदर्या’ची मोहीम काढली आणि सर्वसामान्य बांध्याच्या स्त्रियांना जाहिरातीत आणले. एका हाताने न्यूनगंड विकायचा आणि दुसऱ्या हाताने त्यावरचा दिलासाही विकायचा, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे सुखेनैव चालला. २०२० मध्ये जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा मलमाच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द जाऊन तेथे ‘ग्लो’ आला.

अगदी खरेपणासाठीच काढलेल्या ‘बीरियल’ या फ्रेंच ॲपची कथाही अशीच. दिवसातून एकदा, अचानक सूचना आली की दोन मिनिटांत आहात तसा फोटो टाकायचा, फिल्टर नाही, अशी ती कल्पना. २०२२ मध्ये तिची जगभर लाट आली. ती ओसरू लागल्यावर २०२४ मध्ये ५० कोटी युरोंना तिची विक्री झाली. कल्पना चांगली होती. परंतु खरेपणा दाखवण्यासाठीही प्रेक्षक लागत असेल, तर त्या खरेपणाचे हळूहळू प्रदर्शनच होते, आणि आपण किती सहज, किती साधे आहोत, हे दाखवण्याचीही मग स्पर्धा लागते.

घरातला आरसा

येथवर विचार आला, तेव्हा त्या आईला जरा बरे वाटले असते. दोष कंपन्यांचा, पाश्चात्त्य चंगळवादाचा, बाजाराचा, असे म्हणून मोकळे होता आले असते. अनेक जण तेथेच थांबतात. ती थांबली नाही, हे तिचे मोठेपण.

तिला स्वतःचे लग्न ठरतानाचे दिवस आठवले. वर्तमानपत्रातल्या त्या छोट्या जाहिराती: ‘उजळ, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’. कांदेपोह्यांचा तो कार्यक्रम आणि नंतर मध्यस्थांकरवी आलेला निरोप, ‘मुलगी हुशार आहे, पण रंगाने जरा डावी’. तेव्हा स्मार्टफोन नव्हते, फिल्टर नव्हते. तरीही फोटो स्टुडिओत जाऊन पावडर थापून, दिव्यांच्या झोतात, ‘स्थळांना पाठवायचा’ फोटो काढला गेला होताच. विवाह जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळावर तर वधू-वरांची वर्णानुसार निवड करण्याची सोय २०२० सालापर्यंत होती. ग्राहकांनीच आक्षेप घेतल्यावर ती काढण्यात आली. ती सोय कोणा परकीयाने आपल्यावर लादली होती काय?

विटेवरच्या सावळ्या विठ्ठलापुढे लाखो माणसे डोके टेकतात आणि घरी येऊन सुनेसाठी गोरी मुलगी शोधतात. महाभारतातील द्रौपदीचे एक नावच ‘कृष्णा’ आहे, आणि सावळेपण तिच्या तेजाच्या आड कोठेच आलेले नाही. बाह्य रूपाला भुलणाऱ्या समाजाला चोखोबांनी सुमारे सातशे वर्षांपूर्वी खडसावले. अष्टावक्राच्या वाकड्या देहाला हसलेली जनकाची विद्वत्सभा शेवटी स्वतःच लज्जित झाली, ही कथा घराघरांत सांगितली जाते. हे संचित आपल्याकडे आहे. पण ते कीर्तनात ऐकायचे आणि व्यवहारात विसरायचे, अशी वहिवाट पडली आहे.

आणि मग सर्वांत बोचरी आठवण आली. तीन आठवड्यांपूर्वी, मुलगी डबा टाकू लागल्यानंतर काही दिवसांनी, आईच तिला म्हणाली होती, “अगं, जरा बारीक झालीस वाटतं. छान दिसतेस हं आता!” उपाशी राहणाऱ्या मुलीला मिळालेली पहिली शाबासकी आईची होती. त्याआधी वर्षानुवर्षे ‘तिसरी पोळी पुरे’, ‘हा रंग तुला नाही शोभत’, ‘उन्हात खेळू नको, काळवंडशील’ ही वाक्येही तिचीच होती. त्यांत माया होती, हेतू चांगला होता. परंतु मुलीच्या मनात साठले ते शब्द, हेतू नव्हे. शिवाय आईच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवरचा फोटो तरी कोणता होता? आठ वर्षांपूर्वीचा, सुरकुत्या पुसलेला. पडद्याने मुलीला नवे काही शिकवले नाही. घरात आधीच लावलेला आरसा त्याने फक्त मोठा करून दाखवला.

शृंगार आणि सोंग

मग नटूच नये काय? असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. आपल्या परंपरेने शृंगाराला कधीही तुच्छ लेखलेले नाही. हळद, कुंकू, मेंदी, गजरा, पैठणी यांत जगण्याचा उत्सव आहे. परंतु शृंगार आणि सोंग यांत भेद आहे. गजरा माळल्यावर केस त्याच मुलीचे राहतात आणि आरशात तीच दिसते, अधिक आनंदी. शृंगार आहे त्या देहाचा सन्मान करतो. सोंग आहे तो देह नाकारते आणि त्याच्या जागी दुसरा उभा करते. ‘मी छान दिसते’ आणि ‘मी अशी असायला हवी होते’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच शृंगार आणि सोंग यांत आहे.

सोळा वर्षांच्या मुलीला ‘रूप क्षणभंगुर आहे’ असे वैराग्याचे प्रवचन देऊनही काही साधत नाही. आपण चांगले दिसावे ही त्या वयाची साधी आणि रास्त इच्छा आहे. तिची थट्टा झाली, तर मुलगी आणखी आत मिटते.

काय करता येईल?

कायद्याची मदत हवीच. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाती ठेवू न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून, जाहिरातीतल्या मॉडेलचा बांधा संगणकावर बदललेला असेल तर तसे छापण्याचे बंधन आहे. नॉर्वेनेही २०२२ मध्ये तसाच नियम लागू केला. भारताच्या २०२३च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण पालकांनीच मुलांचे वय वाढवून खाते उघडून दिले असेल, तर कोणता कायदा तेथे पोहोचणार?

फोन हिसकावून घेणे हा मार्ग सोपा वाटतो. परंतु क्लासच्या नोट्स, शाळेच्या सूचना आणि मैत्रिणी सगळे त्यातच असताना तो फार दिवस टिकत नाही, आणि मुलगी लपवायला मात्र शिकते. रात्री फोन दिवाणखान्यात ठेवण्याचा नियम करायचा असेल, तर तो आईवडिलांनाही लागू असावा.

घरातल्या बोलण्यावर मात्र प्रत्येकाचा ताबा आहे. वजन, रंग, उंची यांवरचे शेरे जेवणाच्या पानावरून कायमचे हद्दपार करता येतात. पाहुण्यांनी ‘किती जाडी झालीस!’ म्हटले, तर मुलीसमोरच त्यांना हसत पण स्पष्टपणे थांबवता येते. मुलीने धावावे, पोहावे, कबड्डी खेळावी, सूर्यनमस्कार घालावेत ते बारीक होण्यासाठी नव्हे, तर आपला देह काय करू शकतो हे अनुभवण्यासाठी. ज्या देहाने आपण डाव जिंकतो, गड चढतो, त्याचा तिरस्कार करणे अवघड असते.

आणि आहाराची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुली रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. अशा देशात सुखवस्तू घरातल्या मुलीनेही डबा टाकून द्यावा, ही शोकांतिका आहे. मुलगी सतत जेवण टाळत असेल, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाऊन उलटी काढत असेल, पाळी थांबली असेल, तर ‘नखरे’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे जावे. गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यातही कमीपणा नाही. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

त्या आईने काय केले? एका रविवारी तिने मुलीला गच्चीत उभे केले, पाच फुटांवरून तिचा फोटो काढला आणि मोजपट्टी घेऊन नाकाचे गणित समजावून सांगितले. मुलगी हसली, पण पुरती पटली असे नाही. मग आईने जे अवघड होते ते केले. “बारीक झालीस, छान दिसतेस, असं मी म्हणाले होते ना? ते माझं चुकलं,” असे ती म्हणाली. मुलगी बराच वेळ गप्प बसली. त्या संध्याकाळी तिने दीड पोळी खाल्ली. आईने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आईचा नवा फोटो दिसला. पांढऱ्या बटा, डोळ्यांखालची वर्तुळे, सगळे जसेच्या तसे. आजींना तो दाखवला, तेव्हा कोणाचा हे त्यांना विचारावे लागले नाही.

एका फोटोने किंवा एका संवादाने हे दुखणे बरे होत नाही. डब्यावर अजून काही महिने लक्ष ठेवावे लागेल. परंतु मुलींनी खरे असावे असे वाटत असेल, तर खऱ्या चेहऱ्याला मान मिळतो असे एक तरी ठिकाण त्यांच्या आयुष्यात असायला हवे. ते ठिकाण बाजार उभे करणार नाही, सरकार उभे करू शकणार नाही. ते घरालाच व्हावे लागेल.